सगळ्यायले बंदी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातल्या ताराचा फोन आला, तवा मेघाच्या तोंडात पेस्टचा फेस होता. तसाच ठेवून तिनं फोन कानाले लावला.

"ताई, माझं मशीन मले आत नाही घेऊन राहिलं."

"पासवर्ड नीट टाक वं. कॅप्सचा दिवा पाय, लागून असन."

"मी काय आजच आली का कामावर? पासवर्ड बरोबर आहे. अन् माझंच नाही, काउंटरवरचं एकबी उघडून नाही राहिलं. अकाउंटवाल्यायचेबी तसेच. सगळ्यायवर एकच लिहून येते, का तुम्हाले इथं बसाची परवानगी नाही. बाहेर टेम्पो लागले ताई, भंडाऱ्याचे, काटोलचे. शेठजी इचारून राहिले."

मेघानं फेस थुकला. परवानगी नाही, हे कुठून आलं ते ताराचं बोलणं संपाच्या आधीच तिले समजलं होतं. तो हुकूम तिनंच काढला होता. नवमीच्या संध्याकाळी, रागाच्या भरात.

चंद्रभान शेठचं लकडगंजात इलेक्ट्रिकच्या सामानाचं होलसेल. वायरचे बंडल, स्विच, पंखे, अन् दिवाळी आली का नुसत्या दिव्यायच्या झालरी. मोठं दुकान अन् गोडाऊन लकडगंजात, एक ब्रँच बेसाले, एक लहानशी कोराडीले. ह्या सगळ्या ठिकाणच्या कम्प्युटरायची मालकीण म्हणा, चाकर म्हणा, पोलीस म्हणा, एकटी मेघा. शेठनं तिले वर्षभरासाठी ठेवलं होतं अन् दिवाळीले ते वर्ष भरत होतं. मंग तिले पक्की करायची, का पहिलेसारखं सगळं पुण्याच्या कंपनीच्या हवाली करायचं, हे शेठच्या मनावर होतं. घरी आईनं ह्या नोकरीच्या भरवशावर शेजारणीशी बोलाचा सूरच बदलला होता, तो वेगळा.

गोडाऊनच्या मागच्या खोलीत एक काळा डब्बा होता. तो सर्व्हर. मेघानं त्याच्यात हुकूम लिहून ठेवायचे. पेनड्राइव्ह चालणार नाही. थोडा वेळ हात नाही लावला तं स्क्रीनले आपोआप कुलूप. दर महिन्याले पासवर्ड बदलायचा, म्हणजे बदलायचाच. सकाळी मशीन उठलं का पहिले त्या डब्ब्याले इचारते, काय हुकूम? अन् चालू असलं तं दिवसभर मधामधात इचारत राहते. डब्बा जे सांगन ते मुकाट्यानं मानते. ह्याले म्हणते पॉलिसी. दुकानातल्या लोकायले वाटे विम्याचं काही असन. मंग एक दिवस त्याईचे पेनड्राइव्ह चालेनासे झाले, तवा समजलं.

शिव्या खाल्ल्या मेघानं त्याच्यासाठी. पण पॉलिसी लावल्यापासून सहा-सात महिन्यात एकबी मशीन बसलं नाही, एकबी वायरस आला नाही. हे मात्र कोणी बोलून दाखवत नव्हतं.

नवमीच्या संध्याकाळी झालं असं का दुकान आवरून झालं होतं, अन् सुशील ताराच्या मशीनवर बसला होता. सुशील म्हणजे शेठचा भाचा. सेल्सचं पाहते, म्हणजे गाडीवर फिरते अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा खाते. स्वतःचं मशीन असून त्याले दुसऱ्याच्याच खुर्चीत बरं वाटे. आपल्या नावानं कुठंबी आत जायचं, पत्त्याचा खेळ लावायचा, अन् उठून जातानी तसंच उघडं सोडून जायचं.

"सुशीलभाऊ, हे ताराचं मशीन आहे."

"मंग? तारा गेली घरी. मशीन एकटं पडलं होतं बिचारं, म्हणून बसलो."

मेघानं कीबोर्ड उचलून उलटा केला. टेबलावर खर्ऱ्याचा सडा पडला.

"हे काय आहे?"

"सुपारी. धुतलेली आहे."

"काल ताराचं बटण अटकून एका बिलात शंभराचे हजार होऊन राहिले होते, ते ह्याच्यामुळं. तुमचं स्वतःचं मशीन काय शोपीस आहे का?"

सुशील उठला, पण हसत. "पाय मेघा, तुझी ती पॉलिसी-बिलिसी ताराले दाखव. पुण्यावाले होते तवा कोणी आम्हाले हे असं इचारत नव्हतं. अन् दिवाळी काही लांब नाही. पाहूच, कोण राहते अन् कोण जाते."

झालं. मेघाचं डोकं म्हणजे आगपेटी. ती तरातरा मागच्या खोलीत गेली अन् डब्ब्यासमोर बसली. बाहेर तिचा भाऊ संघपाल गाडीवर बसून हॉर्न वाजवून राहिला होता. दीक्षाभूमीजवळ त्याईच्या वस्तीचा भोजनदानाचा स्टॉल होता, अन् रात्रीच्या आधी पीठ, तेल, भांडे सगळं पोचवायचं होतं. हॉर्न वाजला का हिचे बोटं अजून जोरात चालत.

तिच्या डोक्यात साधा हिशोब होता. पहिले सगळ्यायलेच सगळीकडं बंदी करते, मंग ज्याची खुर्ची त्याले फक्त त्याच्या मशीनवर परवानगी देते. सुशीलले मंग बस म्हणा कुठं बसते ते. बंदीच्या खान्यात तिनं टाकलं, सगळे. परवानग्या लिहिल्या. अन् तो हुकूम तिनं काउंटरच्या मशीनायपुरता लावायच्या ऐवजी घाईघाईत वरतीच टांगला, जिथून तो सगळ्या मशीनायवर उतरते. खुद्द त्या काळ्या डब्ब्यावरसुद्धा.

आता ह्या कारभाराचा पहिला नियम मेघाले झोपेतबी पाठ होता. बंदी अन् परवानगी समोरासमोर आली तं जिंकते बंदी. शंभर परवानग्या लिहा, एक बंदी सगळ्यायले खाऊन टाकते. अन् सगळे म्हटलं का त्याच्यात तारा आली, शेठ आले, अन् मेघाबी आली. पण रागात माणसाले आपण सगळ्यायमधी मोडतो हे कुठं आठवते? तिनं ओके दाबलं, आपलं मशीन बंद केलं अन् जाऊन संघपालच्या मागं बसली. दसऱ्याचा पूर्ण दिवस तिनं भाऊगर्दीत पुऱ्या लाटल्या, लोकायले वाढलं, गावोगावहून आलेल्या म्हाताऱ्यायले पाणी दिलं. एवढी खूश होती का डब्ब्याची एकदाबी याद आली नाही.

दुकानात पोचली तवा रस्त्यावर टेम्पोची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. एक टेम्पोवाला बोनेटवर बसून केळ खाऊन राहिला होता. आतमधी गल्ल्याजवळ चंद्रभान शेठ उभे होते. शेठ कवा उभे राहत नाही.

"वायरस आहे मामा," सुशील सांगून राहिला होता. "मी पुण्याले फोन लावला. ते म्हणते असं वायरसनंच होते."

मेघा सरळ मागच्या खोलीत गेली. डब्ब्यासमोर बसली, आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. डब्ब्यानं तिले तेच सांगतलं जे ताराले सांगतलं होतं. तुम्हाले इथं बसाची परवानगी नाही. आपल्याच हातानं घराले कुलूप लावलं, अन् किल्ली आतमधी चुलीपाशी.

एक मागचा दरवाजा होता. डब्ब्याले दुरुस्तीच्या हिशेबानं चालू करता येते, पण त्याचा पासवर्ड वेगळा असते, अन् तो ज्यानं डब्बा बसवला त्याच्याजवळ असते. म्हणजे पुण्याजवळ. मेघानं महिन्यामागं महिने मागितला होता. त्याईनं दिला नाही.

सुशीलनं फोन स्पीकरवर ठेवला. पुण्याचा माणूस लय गोड बोलला. होऊन जाईल सर, काही काळजी नाही, आमचा माणूस उद्या बसेल तुमच्या कामावर. फक्त वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टचा मेल आज टाकून द्या. अन् सिस्टीम एकाच ठिकाणहून सांभाळलेली बरी असते सर, दोन-दोन हात लागले का असं होते.

फोन ठेवला तवा शेठनं मेघाकडं पायलं. चिडले नव्हते, ते जास्त वाईट.

"दुपारपर्यंत थांबतो," शेठ म्हणाले. "त्याच्या पलीकडं नाही थांबू शकत, बाई. झालर आज नाही गेली तं तो भंडाऱ्याचा माणूस दुसरीकडून उचलन, अन् मंग तो वर्षभर तिथूनच उचलन. दुपारी मी मेल टाकतो. मंग तुले ठेवून मी काय करू, तूच सांग."

मेघा परत मागच्या खोलीत गेली अन् खोक्यावर बसली. रडू येऊन राहिलं होतं, पण रडू आलं का तिले आणखी राग येते, म्हणून तिनं समोरच्या रिकाम्या बकेटीले लाथ घातली. बकेट जाऊन दारावर आदळली. तारा आत डोकावली.

"ताई, चहा आणू का?"

"तारा, एक सांग. काल दसऱ्याले सुट्टी होती. मशीन बंदच असतीन ना काल?"

मेघाच्या डोक्यात एवढंच होतं का एखादं तरी मशीन असं पाहिजे, ज्यानं हा हुकूम ऐकलाच नाही. बंद मशीन हुकूम ऐकत नाही. तसं एक जरी भेटलं तं त्याच्यातून आत शिरून डब्ब्यातला हुकूम मिटवता येते.

"बंद कसे राहतीन ताई, पूजा होती ना. शेठजी म्हणे, बंद मशीनची कायची पूजा, उजेड दिसला पाहिजे. सगळे चालू केले, हार घातले, फोटो काढला. मंग बंद करून घरी गेलो. आत कोणी गेलंच नाही, म्हणून काल समजलं नाही."

म्हणजे काल सगळे मशीन उठले, डब्ब्याले इचारलं, हुकूम घेतला अन् झेंडूचे फुलं अंगावर घेऊन झोपले. मेघानं तरी दुकानाचा ग्रुप उघडला. लकडगंजचा फोटो, ओळीनं स्क्रीन, सगळ्यायवर उजेड. बेसाचा फोटो, कीबोर्डवर आपट्याचे पानं, स्क्रीन चकाकून राहिला. ती वर सरकवत गेली. नवमीच्या सकाळचा एक फोटो होता, कोराडीचा. त्याच्यावर तिनं स्वतः अंगठा दाबलेला होता, न पाहता, जसा आपण सगळ्यायवर दाबतो.

तिनं फोटो मोठा केला.

कोराडीच्या ब्रँचमधी एकच मशीन, अन् एकच बाई, जिजाबाई. शेठच्या वडलायच्या काळापासूनची. फोटोत पाटावर लाल कपडा, त्याच्यावर मशीन, मोठा झेंडूचा हार, अन् स्क्रीन काळा ठिक्कर. प्लग बोर्डातून काढून, त्याची वायर गुंडाळून, प्लगवर हळद-कुंकू लावलेलं. खाली जिजाबाईनं लिहिलं होतं, खंडेनवमीचे शस्त्र टेकवले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करूनच उचलीन. तोवर बिलं हातानं.

जुन्या लोकायची रीत आहे ती. नवमीले नांगर, विळा, कात्री, जे आपलं हत्यार असन ते देवापुढं टेकवायचं. एकदा टेकवलं का उचलेपर्यंत त्याले कोणी हात लावायचा नाही, त्याचाबी तो आराम असते. मेघाच्या घरी हे काही करत नाही. पण ह्या वक्ती तिले वाटलं का जिजाबाईचे पाय धरावे.

मंग एकदम दुसरं ध्यानात आलं अन् ती उभीच झाली. दसऱ्याचा दुसरा दिवस म्हणजे आज. जिजाबाई आज पूजा करन, प्लग लावन, बटण दाबन. अन् मशीन उठल्या उठल्या डब्ब्याले इचारन, काय हुकूम?

तिनं फोन लावला. घंटी जात राहिली. परत लावला. परत घंटी.

"शेठजी, मी कोराडीले जाऊन येते."

"इथं दुकानाले आग लागली अन् तू कोराडीले?"

"जाऊ द्या मामा," सुशील म्हणाला, "कोराडीच्या देवीच्या दर्शनाले चालली असन. तोच एक रस्ता उरला आता."

दुसरा दिवस असता तं मेघानं त्याले तिथंच सोलला असता. आज तिनं हेल्मेट उचललं अन् निघाली.

रस्ता कसा कापला ते तिचं तिले माहीत. इंदोऱ्याजवळ दीक्षाभूमीवरून परत चाललेल्या गाड्यायची गर्दी होती, निळे झेंडे लावलेल्या, छतावर सामान, खिडकीतून लेकरायचे हात. एका गाडीतल्या बाईनं तिले जय भीम घातला. मेघानं हॉर्न वाजवता वाजवताच जय भीम म्हटलं. मानकापूरच्या पुढं कोळशाचे ट्रक लागले, तोंडावर काळी धूळ बसली. दर सिग्नलले ती फोन लावे. जिजाबाई काही उचलत नव्हती.

कोराडीच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. मेघानं गाडी स्टँडवरबी नाही लावली, भिंतीले टेकवली अन् वाकून आत शिरली. आत ऊदबत्तीचा धूर. जिजाबाई पाटासमोर बसून निरांजन पुसून राहिली होती. मागं काळा स्क्रीन. काळाच.

"काकू, चालू नाही ना केलं?"

"कोण? मेघा? अवं काय भूत लागलं का मागं?"

मेघा उत्तर द्याले थांबली नाही. टेबलाखाली घुसली अन् भिंतीतून मशीनले येणारी इंटरनेटची वायर खस्सकन उपसून काढली. आता हे मशीन उठलं तरी कोणाले काही इचारू शकत नव्हतं. ती तिथंच फरशीवर बसून राहिली. श्वास लागला होता.

"हात काहून लावला?" वरून जिजाबाईचा आवाज आला. "टेकवलेलं आहे ते. उत्तरपूजा व्हायची आहे."

"मशीनले नाही लावला काकू. वायरले लावला."

"वायर काय शेजारच्याची आहे?"

"तुम्ही फोन काहून नाही उचलला पण?"

"पूजेच्या वक्ती फोन ड्रॉवरमधी राहते. अन् आवाज कमी करून राहते." जिजाबाईनं तिच्याकडं नीट पायलं. काळं तोंड, विस्कटलेले केस. आवाज थोडा खाली आला. "झालं काय, ते सांग."

मेघानं सांगतलं. जसं होतं तसं सांगतलं, सुशीलचा खर्राबी अन् आपला रागबी. जिजाबाईनं सगळं ऐकून घेतलं अन् निरांजनात वात घातली.

"म्हणजे आता हेच एक मशीन शुद्धीवर आहे, असं म्हण."

"हो. लावू का प्लग?"

"पूजा झाल्यावर."

"काकू, दुपारपर्यंतच टाइम आहे. टेम्पो उभे आहे तिकडं."

"तुह्या घाईनंच हे झालं ना? मंग बस गप."

मेघाच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं झणझणीत. तिनं दातानं दाबून धरलं. जिंदगीत पहिल्यांदा असन. जिजाबाईनं अक्षता वाहिल्या, फुलं वाहिले, काहीतरी पुटपुटली, नैवेद्याच्या वाटीभोवती पाणी फिरवलं. हार काढून बाजूले ठेवला. प्लगवरचं कुंकू कोरड्या फडक्यानं पुसलं, सावकाश, जसं लेकराचं नाक पुसते. मंग पाट थोडा हलवला अन् म्हणाली, "उचल आता. तू तुह्या धर्माची, पण कामाचं हत्यार म्हणून उचल."

प्लग लागला. बटण दाबलं. मशीन घुरघुरलं.

नावाचा खाना आला. मेघानं आपलं मोठं नाव टाकलं, डब्ब्याचा कारभार चालवाचं, अन् पासवर्ड टाकला. चूक, म्हणाला. परत टाकला. चूक.

मंग तिच्या ध्यानात आलं. वायर काढलेलं मशीन डब्ब्याले इचारू शकत नाही, त्याले तोच पासवर्ड माहीत असते जो ती शेवटी इथं बसली तवा होता. ती शेवटी इथं बसली होती तान्ह्या पोळ्याच्या वक्ती. त्याच्यानंतर तिनं पासवर्ड बदलला होता. कारण दर महिन्याले बदलायचा, हा हुकूमबी तिचाच.

"आता काय झालं?"

"जुना पासवर्ड आठवून राहिली."

आता मेघाची एक खोड होती, कोणाले सांगण्यासारखी नव्हती. पासवर्ड बदलायची पाळी आली का त्या महिन्यात ज्याच्यावर डोकं फिरलं असन, त्याचं नाव अन् पुढं एक शिवी. तसं चांगलं ध्यानात राहते. ह्या महिन्याचा सुशील होता. मंग पोळ्याच्या महिन्यात कोण होतं? तिनं टाकून पायलं, घरमालकाचं. चूक. पुण्याच्या कंपनीचं. चूक. पोळ्याले ती इथं आली होती कायले? प्रिंटर बसवाले. लकडगंजवरून दोन खेपा कराव्या लागल्या होत्या, कारण पहिल्या खेपेले जिजाबाईनं तिले दारातूनच परत पाठवलं होतं, आज अमावस्या आहे, नवीन मशीन आत येणार नाही म्हणून.

मेघानं हळूच बाजूले पायलं. जिजाबाई चष्मा लावून स्क्रीनच्या अगदी जवळ उभी होती.

"काकू, जरा पाणी देता का?"

"देते. पहिले हे होऊ दे."

इलाज नव्हता. मेघानं टाकलं. जिजाबाई, अन् पुढं म्हातारी खडूस, अन् शेवटी आकडे. स्क्रीनवर नुसते ठिपके पडले. एंटर दाबलं.

मशीननं थोडा इचार केला. मंग निळा स्क्रीन आला, अन् त्याच्यावर, आपल्या जागी बसलेले, सगळे चित्र.

मेघा नुसती हात टेबलावर ठेवून बसली.

"लांब होता वं पासवर्ड," जिजाबाई म्हणाली. "काय होतं?"

"एका बाईचं नाव."

"अन् पुढं?"

"तिचे गुण."

जिजाबाईनं चष्म्यावरून तिच्याकडं पायलं, बराच वेळ पायलं, अन् पाणी आणाले गेली. जातानी पदर तोंडाले लावला होता. हसली का रागावली, मेघाले पाठीवरून समजलं नाही.

मंग तिनं वायर परत लावली. आता लावायले हरकत नव्हती, ती आत आली होती. अन् मशीन हुकूम इचारन तोवर तिचं काम उरकलं असतं. डब्ब्याचा कारभार उघडला. त्यानं आजचा पासवर्ड मागितला, तिनं दिला. तो नवमीचा हुकूम सगळ्यायच्या वर टांगलेला होता, जसा तिनं ठेवला होता तसाच. बंदीच्या खान्यात एकच शब्द, सगळे. तिनं तो पुसला. दोनदा पायलं. तिसऱ्यांदाबी पायलं. मंग ओके दाबलं अन् ताराले फोन लावला.

"तुझं मशीन बंद करून चालू कर. पूर्ण बंद."

"करून राहिली... गोल फिरून राहिलं ताई."

"फिरू दे."

"अजून फिरून राहिलं. शेठजी माह्या मागं उभे आहे. ... नाव मागून राहिलं. टाकते."

मेघानं डोळे मिटून घेतले. फोनमधून दुकानाचा कलकलाट येत होता, कोणीतरी टेम्पोवाला कोणाले तरी शिव्या देऊन राहिला होता. मंग ताराचा आवाज आला, अन् तो आवाजच सांगून गेला.

"घेतलं ताई. आत घेतलं."

मेघाचा जीव कुठं कुठं अडकून बसला होता ते तिले आता समजलं, कारण तिथून तिथून तो सुटत गेला. मानेतून, खांद्यातून, पोटातून. अकाउंटवाल्यायचे उघडले. बेसावाल्यायचं उघडलं. तारा एकेक सांगत गेली अन् मेघा नुसती हूं हूं करत राहिली. थोड्या वेळानं फोनमधी प्रिंटरची कर्रकर्र ऐकू आली. भंडाऱ्याचं बिल निघालं होतं.

मंग फोन शेठनं घेतला.

"काय होतं? सुशील वायरस म्हणते."

इथं मेघाले सोपं होतं. हो म्हटलं का संपलं असतं, वायरसले कोणी पाहाले येत नाही. तिनं जिजाबाईकडं पायलं. जिजाबाई पाण्याचा गिलास घेऊन उभी होती.

"वायरस नव्हता शेठजी. मीच केलं. रागात सगळ्यायलेच बंदी लावली, त्याच्यात मीबी अटकली. कोराडीचं मशीन बंद होतं म्हणून वाचलो. काकूनं पूजेले टेकवलं होतं."

तिकडं प्रिंटर वाजत राहिला.

"पुण्यावाले दोन वर्षं होते," शेठ म्हणाले. "सतरा वेळा दुकान बसलं. दर वेळेले वायरस. एकदाबी कोणाची चूक नाही. मी व्यापारी माणूस आहे, बाई, मले येवढं समजते का जी चूक सापडते ती परत होत नाही, अन् जी सापडत नाही ती दर दिवाळीले येते." मंग थोडं थांबून म्हणाले, "मेल नाही टाकत मी. तू आता दिवाळीची वाट पाहू नको. पक्कीच समज."

"हो," मेघा म्हणाली.

"अन् आईक. राग आला तं त्या डब्ब्याजवळ नाही जायचं. पहिले माह्यापाशी येऊन भांडायचं. मी बसूनच असतो. सुशीलचं मी पाहतो. त्याले त्याच्याच खुर्चीत बसाले लावतो, त्याले काही हुकूम नाही लागत."

फोन ठेवला. बाहेर कोळशाचा ट्रक गेला, शटर थरथरलं. जिजाबाईनं गिलास तिच्या हातात दिला, मंग एक स्टीलचा डब्बा उघडून टेबलावर सरकवला. गोळाभात होता, भातात डाळीचे गोळे, वरून फोडणीचं तेल.

"खा. तोंड पाय कसं झालं, कोळशाच्या खाणीतून आल्यासारखं."

"पहिले हात धुते."

"धू. अन् ते सुशीलचं खरं का वं, बटण अटकून शंभराचे हजार?"

"खरं."

"त्याचा बापबी असाच होता," जिजाबाई म्हणाली अन् खुर्ची ओढून समोर बसली, सांगाले बरंच काही असल्यासारखी. मेघानं पहिला घास घेतला. तेल तिखट होतं, भात गरम होता. लकडगंजात आज तिची कोणाले गरज नव्हती, अन् ही गोष्ट तिले आजपर्यंत कवाच एवढी चांगली वाटली नव्हती.

"सांगा," ती म्हणाली. "मले घाई नाही."